अस्वस्थ काळाने बांधलेले नाशिक

देवळ्याहून भावडबारीमार्गे सोग्रस फाट्याकडे जाताना उजव्या हाताला सातमाळ्याच्या रांगेत धोडप दिसतो. माथ्यावरचा पिंडीसारखा सुळका आणि शेजारच्या कातळभिंतीला पडलेली खाच यांमुळे तो कुणाला विचारून ओळखावा लागत नाही. १० जून १७६८ रोजी या किल्ल्याच्या परिसरात तेवीस वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी सख्ख्या चुलत्याचा, रघुनाथरावांचा पराभव केला आणि त्यांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. चुलत्या-पुतण्याचे हे भांडण शाळेच्या पुस्तकात चार ओळींत संपते. त्या पराभवात आणखी कोण कोण अडकले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांतला एक होता गंगाधर यशवंत चंद्रचूड, म्हणजे होळकरांचा दिवाण गंगोबातात्या. मल्हारराव होळकर १७६६ मध्ये गेले, पुढच्याच वर्षी त्यांचा नातू मालेराव गेला. तेव्हा दौलत अहिल्याबाईंच्या हातून काढून एखाद्या अल्पवयीन दत्तकाच्या नावाने आपणच चालवावी, असा डाव गंगोबाने रघुनाथरावांच्या पाठबळावर मांडला होता. अहिल्याबाईंनी तो हाणून पाडला. धोडपनंतर माधवरावांनी गंगोबाला कैद केले आणि त्याच्यावर जबर दंड बसवला. याच गंगोबाने १७५६ मध्ये नाशिकला गोदावरीच्या काठी सुंदरनारायणाचे देऊळ बांधले होते. देऊळ उभे राहून बारा वर्षे होतात न होतात तोच बांधणारा कैदखान्यात गेला. देऊळ जिथल्या तिथे राहिले.

राज्यात स्वस्थता असली, तिजोरी भरलेली असली, राजा रसिक असला की कला बहरते, हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्याचा पुरावा कुणी मागत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावरचे नाशिक हे गृहीत मोडून काढते. नारोशंकरांचे रामेश्वर मंदिर १७४७ चे, सुंदरनारायण १७५६ चे. त्र्यंबकेश्वराचे आज दिसणारे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतले आणि ते १७८६ मध्ये पुरे झाले. काळाराम मंदिराचे कामही त्याच सुमाराचे. या चार दशकांत स्वस्थता औषधालाही नव्हती. निजामाशी चार-दोन वर्षांआड लढाई, कर्नाटकात मोहिमा, उत्तरेत अब्दाली, घरात भाऊबंदकी आणि शेवटी इंग्रजांशी सात वर्षांचे युद्ध. तरीही नाशिक-त्र्यंबकचा आज आपण ज्याला वारसा म्हणतो त्यातला मोठा हिस्सा याच काळातला आहे. हे ‘तरीही’ वापरणेच मला चुकीचे वाटते. या वास्तू अस्थिरतेला न जुमानता उभ्या राहिल्या नाहीत, त्या अस्थिरतेमुळेच उभ्या राहिल्या. हातात आलेली सत्ता उद्या राहील की नाही याची खात्री नसलेल्या माणसांनी, जे कुणाच्या हुकमाने परत घेता येणार नाही अशा रूपात ती सत्ता दगडात ओतली. हा संबंध सोडून या देवळांकडे पाहिले तर हाती फक्त नक्षी लागते.

सरदारीची रचनाच तशी होती. सरंजाम म्हणजे मालकी नव्हे. फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला तो मुलूख, आणि धन्याची मर्जी फिरली, हिशेबात तफावत निघाली किंवा सरदार मेला की जप्तीची टांगती तलवार होतीच. वारसाला तो पुढे चालवायचा तर नजर भरावी लागे आणि तीही ठरलेली नसे. या सरदारांतले बरेचसे एका पिढीत वर आलेले. मल्हारराव होळकरांचे बालपण मामाकडे खानदेशात तळोद्याला गेले आणि तिथून ते माळव्याचे धनी झाले. नारोशंकर शिलेदारीच्या वाटेने झांशीच्या सुभेदारीपर्यंत पोचले. अशा माणसाजवळ पैसा येतो, पण पिढीजात मान येत नाही. तो मान तीर्थक्षेत्री मिळतो. देऊळ, घाट, धर्मशाळा, ब्राह्मणांना वर्षासन या गोष्टींनी नाव लागते, आणि देवस्थानाला दिलेले इनाम काढून घेण्याचे पाप सहसा कुणी पत्करत नाही. सहसा असे म्हणतो, कारण अपवाद आहेत. १७९१ मध्ये पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला होता, हे विसरून चालणार नाही. पण ते परमुलखातले आणि हाताबाहेर गेलेल्या टोळ्यांचे काम होते. आपल्या मुलखात, आपल्या धन्याच्या राज्यात, सरदारावर कितीही इतराजी झाली तरी त्याने बांधलेल्या देवाचा नैवेद्य बंद होत नसे. माधवरावांसारख्या करड्या पेशव्याने गंगोबाला शिक्षा केली तेव्हा सुंदरनारायणाला कुणी हात लावला नाही. सरंजामापेक्षा शिखर जास्त दिवस टिकते हे त्या काळच्या सरदारांना चांगले ठाऊक होते.

नारोशंकर राजेबहाद्दरांचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण देवळ्याच्या पूर्वेला मालेगावात मोसमच्या काठचा भुईकोट किल्लाही त्यांचाच. पंचवटीतल्या त्यांच्या देवळाभोवती तट आहे आणि तटाच्या कोपऱ्यांवर छत्र्या आहेत, त्या पाहिल्या की देवळापेक्षा राजपूत गढीची आठवण आधी होते. प्रवेशद्वाराच्या वर टांगलेली मोठी घंटा नाशिककरांना वेगळी सांगायला नको. तिच्यावर १७२१ हे साल आहे. ती मुळात चर्चची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हाच्या लुटीतून ती इकडे आली. म्हणजे देवाच्या दारात लढाईची निशाणी टांगली आहे, आणि ती लपवावी असे बांधणाऱ्याला मुळीच वाटले नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी अशाच जागी ती लावली. त्याला जे सांगायचे होते ते त्याने भटजींच्या तोंडून न सांगता घंटेच्या तोंडून सांगितले. याच नारोशंकरांवर १७६० मध्ये, पानिपतच्या आधी, दिल्लीच्या किल्ल्याची जबाबदारी होती. त्याच सुमारास सदाशिवरावभाऊंनी फौजेचा खर्च भागवण्यासाठी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून वितळवले आणि त्याचे रुपये पाडले. शहाजहानच्या कारागिरांनी घडवलेले छत शिपायांच्या पगारात गेले. एकीकडे गोदावरीकाठी शिखरे चढवणारी आणि दुसरीकडे यमुनाकाठी छत उतरवणारी ही एकाच पक्षाची माणसे आहेत. त्यांतला एक चेहरा खरा आणि दुसरा खोटा, असे म्हणता येत नाही. कलेची वस्तू त्यांच्या लेखी सत्तेचे माप होती. आपली असली तर वाढवायची, दुसऱ्याची असली तर गरजेला मोडायची.

या उलथापालथीचा दुसरा परिणाम असा की कारागीर आणि शैली दोन्ही वाटेला लागल्या. वसई पडली त्याच वर्षी नादिरशहाने दिल्ली लुटली. बादशाही दरबाराचे छत्र विरळ झाले तसे चितारे, गवई, शायर अवध, राजस्थान आणि पहाडी संस्थानांकडे पांगले. हिमालयाच्या पायथ्याच्या छोट्या दरबारांत नैनसुखासारखा चित्रकार याच दशकांत आपली सर्वोत्तम चित्रे काढत होता. मराठी सरदार दरवर्षी दसऱ्याला सीमोल्लंघन करून उत्तरेत जात, आठ-आठ महिने माळवा, बुंदेलखंड, राजपुताना तुडवत आणि परतताना लुटीबरोबर तिथली नजरही घेऊन येत. सुंदरनारायणाच्या कमानदार गवाक्षांत मोगली वळण स्पष्ट आहे. त्र्यंबकेश्वराच्या काळ्या दगडातल्या शिखराची जात उत्तरेकडची आहे. चांदवडला होळकरांच्या रंगमहालात लाकडी खांबांवरचे कोरीव काम आणि भिंतींवरची पुराणातली चित्रे पाहिली तर इंदुरापर्यंतचा रस्ता डोळ्यांपुढे येतो. मुंबई-आग्रा महामार्ग आज चांदवडवरून जातो. तो काही आत्ता पडलेला रस्ता नाही, फौजा आणि व्यापारी याच अंगाने उत्तरेत जात. स्वस्थ, एका जागी बसलेल्या राज्यात ही सरमिसळ इतक्या झपाट्याने झाली नसती.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, लढाया नसत्या तर हेच काम अधिक लवकर आणि अधिक चांगले झाले असते. त्र्यंबकेश्वराला एकतीस वर्षे लागली ती कशामुळे? नानासाहेबांनी पाया घातल्यावर सहा वर्षांत पानिपत झाले, १७६१ च्या जूनमध्ये ते स्वतः गेले, १७६३ मध्ये निजामाने पुणे जाळले, १७७२ मध्ये माधवराव गेले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, मग इंग्रजांशी युद्ध आणि १७८२ चा सालबाईचा तह. एवढ्या तडाख्यात काम रेंगाळले असेल, हे मला मान्य आहे. पण रेंगाळणे वेगळे आणि सोडून देणे वेगळे. पेशवा बदलला, कारभारी बदलले, बारभाईंचे राज्य आले, तरी काम सोडून द्यावे असे कुणालाच वाटले नाही. का वाटले नाही, याचे उत्तर माझ्या मते असे की गादीवर कोण हे जितके अनिश्चित झाले, तितके गादी आहे हे दाखवण्याचे काम देवळावर आले. माधवराव आणि रघुनाथराव यांत कोण जिंकतो हे धोडपला ठरले असेल, पण पेशवाई चालू आहे हे त्र्यंबकला आलेल्या यात्रेकरूला चढत चाललेल्या शिखरावरून दिसत होते.

पानिपतनंतरची दीड-दोन वर्षे या दृष्टीने फार बोलकी आहेत. महाराष्ट्रात घरटी माणूस गेला होता. अशा वेळी सगळे ठप्प व्हायला हवे. प्रत्यक्षात वाईच्या घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधले. ताहराबादच्या महिपतींचा ‘भक्तिविजय’ १७६२ चाच, आणि पुढच्या अनेक पिढ्यांना संत ठाऊक झाले ते याच ग्रंथातून. पानिपतच्या बखरी लिहिल्या गेल्या त्याही जखम ओली असतानाच. रघुनाथ यादवाने आपली बखर नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून लिहिली असे म्हणतात. मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला आणि सहा महिन्यांत नवरा गेला, अशा त्या बाई. त्यांचे उत्तरायुष्य नाशिक-गंगापूर परिसरात गेले. देऊळ, ओवीबद्ध संतचरित्र आणि बखर या तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच धक्क्यातून कशा निघाल्या, याचा विचार व्हायला हवा. शाहिरांचेही तेच. संगमनेरचा अनंत फंदी, सिन्नरकडचा परशराम हे याच धामधुमीत लहानाचे मोठे झाले, आणि छावणीतल्या शिपायाला काय ऐकायचे आहे हे त्यांना दरबारी कवीपेक्षा अधिक कळत होते. शांततेची वाट पाहत यातले कुणीच बसले नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. देऊळ भक्तीने बांधले जाते, त्यात राजकारण कशाला शोधायचे? भक्ती होतीच, ती नाकारण्याचे कारण नाही. पण भक्ती हे कारण सर्वकाळ हजर असते. त्यातून एवढेच कळते की देऊळ बांधले. १७४७ ते १७९० याच पट्ट्यात एवढी गर्दी का झाली, ती नाशिक-त्र्यंबकलाच का झाली, बांधणारे मुख्यतः उत्तरेच्या मोहिमांतले सरदारच का, हे काही तिच्यातून कळत नाही. १७५२ च्या भालकीच्या तहाने तापी आणि गोदावरी यांमधला मोठा मुलूख निजामाकडून मराठ्यांकडे आला. हक्क नवा, शेजारी निजाम रुसलेला. अशा मुलखाच्या तोंडाशी असलेल्या तीर्थात पेशवे आणि त्यांचे सरदार एकामागून एक शिखरे उभी करतात तेव्हा ते देवाशी बोलतात, तसेच हैदराबादशीही बोलतात. श्रद्धेला राजकारणाचा विटाळ होतो असे आज आपल्याला वाटते. त्या काळच्या माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या नसत्या, आणि काढा म्हटले असते तर त्याला प्रश्नच कळला नसता.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि त्याचे पूर्ण निरसन माझ्याकडे नाही. हा सगळा पैसा चौथाईचा, खंडणीचा, लुटीचा. बुंदेलखंडातल्या आणि बंगालमधल्या रयतेने तो भरला, आणि फौजा जाता-येता बागलाणातल्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकातून गेल्या असतील तर त्यानेही. अशा कलेचे कौतुक करायचे का? माझे म्हणणे असे की कौतुक करायचे की नाही हा नंतरचा प्रश्न, आधी ती कशाची आहे हे सांगण्याचा प्रामाणिकपणा हवा. आपल्या पर्यटन खात्याच्या आणि देवस्थानांच्या फलकांवर बांधणाऱ्याचे नाव, साल आणि ‘हेमाडपंती’ हा सरसकट शिक्का यापलीकडे काही नसते. (यादव काळानंतर पाचशे वर्षांनी बांधलेल्या देवळालाही आपण बेधडक हेमाडपंती म्हणून मोकळे होतो, तो भाग वेगळा.) सुंदरनारायणाच्या दारात गंगोबाची कैद लिहिलेली नाही, धोडपच्या पायथ्याला सुंदरनारायणाचा उल्लेख नाही. गडावर जाणारी तरुण मुले बुरूज आणि टाकी पाहून परततात, देवळात जाणारी कुटुंबे मूर्ती पाहून. एकाच माणसाच्या आयुष्याची ही दोन टोके आहेत हे त्यांना कुणी सांगतच नाही. शिवाय या वास्तूंचे राजकारण अठराव्या शतकात संपलेलेही नाही. ज्यांच्या पूर्वजांनी रामशेजचा काळा दगड वाहिला असेल, त्यांनाच काळारामाच्या गाभाऱ्याची वाट बंद होती. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो याच दरवाजांसमोर, आणि पुढे पाच वर्षे चालला. सत्तेची निशाणी म्हणून बांधलेल्या दारासमोर सत्तेचाच प्रश्न उभा राहिला, यात नवल काहीच नाही.

राहता राहिले कारागीर. काळारामाच्या बांधकामावर दोन हजार माणसे बारा वर्षे राबली असे सांगितले जाते. त्यांतले एक नाव आपल्याला ठाऊक नाही. काळाराम बांधणारे सरदार ओढेकर ठाऊक, नानासाहेब ठाऊक, नारोशंकर ठाऊक. शिखराचा आराखडा आखणारा, चांदवडच्या भिंतीवर रंग लावणारा चितारी, गवाक्षाची कमान बसवणारा पाथरवट, हे सगळे बिननावाचे. अठराव्या शतकाच्या शेवटाला पुण्यातल्या गंगाराम तांबटाचे नाव टिकले, त्याची वेरूळची चित्रे टिकली, ती इंग्रज वकील मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या संग्रहांमुळे. आपल्या बाजूने आपण त्याला विसरलोच होतो. पण नाव नाही म्हणजे नोंद नव्हती असे धरून चालायचे कारण नाही. पेशवाईचा कारभार कागदावर चाले, रोजकीर्द आणि ताळेबंद ठेवले जात, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधून पडले आहेत. रियासतकार सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड छापले, हे मोठेच काम झाले. पण त्या निवडीचा भर लढाया, तह आणि कारस्थानांवर होता. गवंड्याची मजुरी आणि सुताराचे पागोटे यांना त्या निवडीत फारशी जागा मिळाली नाही. ज्या चष्म्याने आपण कला एका बाजूला आणि धामधूम दुसऱ्या बाजूला ठेवतो, तोच चष्मा इथेही लागला.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरात रस्ते, घाट, रोषणाई यांवर मोठा खर्च होतो आहे. त्यातला अगदी किरकोळ वाटा तीन कामांना लावता येईल. चांदवडच्या रंगमहालातली चित्रे जाणकाराकडून नीट नोंदवून घेणे, तीही त्यांवर नवा रंग फासण्याआधी. धोडप, चांदवड, मालेगाव, पंचवटी आणि त्र्यंबक यांची एकमेकांशी सांगड घालणारे, नावे आणि कैद दोन्ही लिहिणारे फलक लावणे. आणि देवळा, कळवण, सटाणा, चांदवड इथल्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या दहा-वीस विद्यार्थ्यांना मोडी शिकवून, शिष्यवृत्तीवर, पुण्याच्या दफ्तरात नाशिक प्रांताच्या इमारतखर्चाचे रुमाल उलगडायला बसवणे. पहिली दोन कामे एका हंगामात उरकतील. तिसऱ्याला दहा वर्षे लागतील आणि त्यातून पाच नावे निघाली तरी पुष्कळ. ती पाच नावे नारोशंकरांच्या नावाशेजारी त्याच अक्षरांत लावायला हवीत.